आमच्या टेकडीवरचे गट्टू

ती. इंदुताईस,

नागपूरहून गिरिधरचा साष्टांग नमस्कार. उमरेडला सगळे बरे असतील असं धरून चालतो. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे (वाकडं दिसलं तर दोष डोळ्याचा समजू नकोस). फोन केला की तू "जेवलास का" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं, म्हणून पत्र. माझी प्रकृती ठीक आहे. म्हणजे बीपी, शुगर वगैरे जे मोजता येतं ते ठीक आहे.

आमच्या कॉलनीमागची टेकडी तुला आठवत असेल. सुमती होती तोवर आम्ही दोघं रोज सकाळी वर जायचो. गुराढोरांनी पाडलेली पायवाट, वळणं घेत जाणारी. अर्ध्यावर एक पळस होता. तिथं दम तिला लागायचा, पण "तुम्ही दमलात, बसा" असं मला म्हणून ती आधी बसायची. ती गेल्यावर मी एकटाच जाऊ लागलो. मग शेजारचे दादाजी (वय ऐंशीच्या पुढे, पण कुणाचं ऐकतील तर शपथ) तिथं घसरले, मनगट मोडलं, आणि सर्वांना चढता येईल अशी नीट पायवाट हवी असं कॉलनीनं ठरवलं. अर्ज मी केले, मंजुरी नवल म्हणजे लगेच आली, आणि ठेकेदार निवडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण रिटायर्ड आणि विधुर माणसाकडे वेळच वेळ असतो असा लोकांचा समज आहे. (समज खरा आहे.)

बोलावलेल्यांपैकी एक ठेकेदार आलाच नाही. दुसऱ्यानं टेकडी खालूनच पाहिली आणि वर गाडी जात नाही म्हणून निघून गेला. उरला विक्की. त्यानं आजवर नाल्या आणि लग्नाच्या लॉनची पार्किंगं बांधलेली, पण आल्याआल्या तो दादाजींच्या पाया पडला आणि दादाजींनी जागेवरच त्याची नेमणूक करून टाकली. मी त्याला टेकडीवर फिरवून समजावलं: माती आणि दगड, वळणं जुनीच, सिमेंट नाही, झाड एकही पाडायचं नाही. तो म्हणाला, "काका, टेन्शनच नका घेऊ. असं काम करून देतो का टेकडीलेबी समजणार नाही."

मी अमोलकडे पुण्याला (पोराला बाप अधूनमधून दिसावा लागतो) जाऊन आलो, तोवर टेकडीला समजलं होतं. जेसीबीनं पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ भांग पाडावा तसा रस्ता काढलेला, त्यावर फरशीसारखे बसवलेले लाल-पिवळे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे गट्टू, आणि खाली स्वागताची कमान. पळस नव्हता. विक्की मोठ्या उत्साहानं सगळं दाखवत होता. मी विचारलं, "इथला पळस काहून तोडला गा?"

"मधात येत होता, काका."

(सरळ रस्ता काढला की सगळंच मधात येतं.) माझा चेहरा पाहून तो हळूच म्हणाला, "तुमचा होता काय?"

ताई, मी "नाही, सरकारचा होता," म्हणालो आणि घरी आलो. त्या दिवशी जेवलो नाही. फोनवर तुला "हो" सांगितलं होतं.

उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापली, फोटोपुरते चढले आणि उतरले. दादाजी मात्र वर जायचंच म्हणून हटून बसले. चढ इतका उभा, की अर्ध्यावर त्यांना ना वर जाता येईना, ना खाली. शेवटी विक्कीनं त्यांना पाठुंगळीला घेतलं आणि कडक इस्त्रीच्या शर्टाचा लगदा करत माथ्यावर नेलं. वरून सगळं नागपूर बघून दादाजी म्हणाले, "बस गा, मले आता इथंच राहू दे." लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ते खरंच बोलत होते. आता त्या रस्त्यानं चालायला कुणी जात नाही. लग्न ठरलेली पोरं-पोरी फोटो काढायला येतात. मी खालच्या खालीच फिरतो.

जास्त लिहिलं तर तू काळजी करशील, कमी लिहिलं तरी करशील. म्हणून इथंच थांबतो.

तुझा धाकटा,
गिरिधर

ता. क. उतरायच्या रस्त्याचं काम निघालं आहे. ठेकेदारासाठी माझी शिफारस मागितली. मी विक्कीचंच नाव दिलं. तो रोज सकाळी चहाला येतो. तो येतो म्हणून मी दूध घेतो.

आणखी एक. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. पुढच्या महिन्यात सुमतीचं वर्षश्राद्ध आहे. अमोल पुण्यात करू म्हणतो. मला या घरातच करायचं आहे, पण मांडामांडीतलं मला काही कळत नाही. अमोल म्हणाला, आत्याला या वयात कशाला त्रास. मी त्याला सांगून टाकलं, की येणार म्हणून तूच हट्ट धरला आहेस, आणि नंतर महिनाभर राहणारही आहेस. तेवढं खरं करून टाक.