निळ्या पेट्रोलच्या अकरा बाटल्या

सोमवार, ४ मार्च

भिंगरीने आज नर्सच्या हाताला कडकडून चावा घेतला! चार वर्षांची पोर, पण शाळेचा अख्खा व्हरांडा डोक्यावर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्स मात्र हसली. "दात चांगले आहेत हो तुमच्या नातीचे!" शेवटी सूनबाईने पाय धरले, मी डोकं धरलं, तेव्हा कुठे रक्त निघालं.

वस्तीतल्या सगळ्या लहान मुलांची तपासणी चालली आहे. कारण काय, तर विमानं. आमच्याच विमानतळावरची, शिकाऊ पोरं उडवतात ती छोटी विमानं. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं कधीच गेलं, पण यांच्या पेट्रोलमध्ये अजून घालतात. ते धुरातून खाली येतं आणि मुलांच्या रक्तात उतरतं. डॉक्टरीणबाई चित्र लावून समजावत होत्या, आणि मी कामावरून तशीच गेलेली — विमानतळाचं नाव शिवलेला कोट घालून! सगळ्या बायका वळून वळून बघत होत्या. बघणारच. त्या विमानांत पेट्रोल भरणारी मीच ना!

आज आभार त्या नर्सचे. मला कोणी चावलं असतं तर मी नसते हसले.

बुधवार, ६ मार्च

विमानतळावरच्या साहेबांनी बोलावून विचारलं, "नातीला नेलं होतं का तपासणीला?" म्हटलं, हो. "बरं केलंत. फक्त तिथे आपल्याबद्दल काही बोलू नका." मी मान हलवली. या माणसापुढे माझी मान आपोआपच हलते. नऊ वर्षांपूर्वी हे पेट्रोल भरायला ह्यांचे हात होते. ह्यांचं हृदय बंद पडलं आणि तिसऱ्या आठवड्यात साहेब स्वतः घरी आले. "ताई, काम शिकाल का?" बाई माणूस टँकरवर — किती जण हसले! साहेब नाही हसले. मुलाचं शिक्षण, त्याचं लग्न, हे घर, सगळं त्या एका प्रश्नावर उभं आहे. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असतो, पण आम्ही तिघी उपाशी कधी झोपलो नाही.

शुक्रवार, ८ मार्च

आज सकाळी सात विमानं. उडण्याआधी प्रत्येकाच्या टाकीतून पेलाभर पेट्रोल काढून उजेडात धरायचं. पाणी मिसळलं असेल तर तळाला दिसतं. निळंशार असतं ते, औषधासारखं. मग ते पोरं गवतावर भिरकावतात. पहिल्या वर्षी मला बघवेना. एवढं स्वच्छ पेट्रोल मातीत! तेव्हापासून मी कॅन पुढे करते. "ओता यात." मला सगळे हसतात, पण ओततात.

घरी नेते आणि बाटल्या भरून वाटते. शिंप्याच्या बायकोला मशीनचा तेलकट मळ काढायला, सायकलवाल्याला साखळ्या धुवायला, पाळणाघरवाल्या ताईला टेबलावरचे रंग पुसायला. कसलाही डाग असो, निळं लावलं की गेला! मला "विमानमावशी" म्हणतात. आज ताईने वाटेत थांबवून हात हातात घेतला. "मावशी, तुम्ही नसतात तर माझी टेबलं कोण बघत होतं!" दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

चौदा.

भिंगरीच्या रक्तात शिशाचा आकडा चौदा. साडेतीनच्या वर गेला की आकडा लाल शाईने लिहितात. खरं तर मुलांना शून्यच बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. पोर हल्ली चिडते, जेवत नाही, पोट दुखतं म्हणते, आलेले शब्द विसरते. आम्ही म्हणत होतो लाडाने शेफारली आहे! मी तर परवा एक चापटही दिली होती. माझा हात झडला का नाही.

डॉक्टरीणबाई शांतपणे बोलत राहिल्या. दूध, अंडी, पालेभाजी. फरशी रोज ओल्या फडक्याने. जेवायच्या आधी साबणाने हात. महिन्याने पुन्हा तपासू. "घाबरू नका, वेळेत कळलं आहे." त्या "वेळेत"साठी मी त्यांच्या पाया पडणार होते, त्यांनी खांदे धरून थांबवलं.

घराजवळ आल्यावर वरून एक विमान गेलं. सूनबाईने भिंगरीचं डोकं पदराखाली घेतलं आणि माझ्या कोटाकडे बघितलं.

बुधवार, १३ मार्च

साहेबांना आकडा सांगितला. उठून उभे राहिले! "लागेल तेवढी रजा घ्या." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पण ताई, तो धूर आपलाच कशावरून?"

शनिवार, १६ मार्च

शाळेच्या हॉलमध्ये सभा. पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे वस्तीचा मोठा नकाशा, आणि ज्या घरातल्या मुलाचा आकडा साडेतीनच्या वर, तिथे लाल टाचणी. एकोणीस टाचण्या. वस्तीच्या कमिटीचा म्हातारा मास्तर ओरडत होता, "बिनशिशाचं पेट्रोल आणा, नाहीतर विमानं बंद करा!" टाळ्यांचा कडकडाट.

मग साहेब उठले. आवाज जराही चढवला नाही. "धूर आमचा असता तर टाचण्या आमच्या भिंतीला लागून असत्या. बघा ना. एक बाजाराशी, दोन तळ्याकडे, एक पार बस थांब्यामागे. अर्ध्याहून जास्त तर लांब, मूठभर धान्य उधळावं तशा. सगळ्यात मोठे आकडे तर सगळ्यात लांब! मग आमचं पेट्रोल कशाला बदलायचं?" डॉक्टरीणबाई खाली मान घालून म्हणाल्या, "हे मलाही उलगडलेलं नाही."

मला उलगडलं.

पहिल्यांदा आमच्या घराची टाचणी बघत होते. मग बाजाराकडची — शिंप्याचं घर. बस थांब्यामागे सायकलवाला. तळ्याकडे पाळणाघरवाली ताई, आणि शेजारी तिची बहीण. मी बोटांवर मोजायला लागले. आमचं धरून अकरा घरं. जिथे जिथे माझी बाटली, तिथे तिथे टाचणी! वाऱ्याने नाही नेलं ते शिसं. मी नेलं. पिशवीत घालून, हसत हसत.

रविवार, १७ मार्च

बोलले नाही.

सोमवार, १८ मार्च

बाटल्या परत आणायला निघाले. म्हटलं, पेट्रोल जुनं झालंय, बदलून देते. थाप! शिंप्याच्या बायकोने वर चहा पाजला. सायकलवाला म्हणाला, "मावशी, नवी लवकर आणा हं, अडून राहतं." पाळणाघरात गेले तर ताई माझ्यासमोर निळ्यात फडकं बुडवून टेबल पुसत होती. माझ्याच बाटल्यांच्या घरांतली आठ पोरं रांगेत बसलेली, दुधाच्या पेल्यांची वाट बघत, हात टेबलावर. एक पोरगी अंगठा चोखत होती. मी फडकं हिसकावलंच. "अहो, काय झालं?" म्हटलं, काही नाही, वास फार येतो. "तुमचे उपकार कसे फेडू," म्हणाली ती. असं वाटलं कोणीतरी तोंडात मारावी.

संध्याकाळपर्यंत दहा बाटल्या गोळा. अकरावी घरातलीच. म्हटलं, झालं, मिटलं. आता बोलायचं कशाला? बोलले तर साहेब म्हणणार, बघा, विमानांचा काही दोष नाही, आमच्या बाईची चूक! मास्तरांची सगळी मेहनत पाण्यात. भिंतीलगतच्या मुलांचं मग कोण ऐकणार? माझं कामही जाणार. गप्प बसण्यासाठी इतकी चांगली कारणं आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

पण टेबलांवर जे बसलंय ते? चादरींवर? बाटली गेली म्हणून ते जातंय होय!

मंगळवार, १९ मार्च

जेवण गेलं नाही. भिंगरीनेही ताट ढकललं. दोघी सारख्याच.

बुधवार, २० मार्च

सूनबाईला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. हात तसाच वर राहिला. मला वाटलं, आता फुटते. फुटावं तिने, तिचा हक्कच आहे. ती बराच वेळ चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "आई, भिंगरीच्या गादीवरचा शाईचा डाग मी कशाने काढला माहितेय? तुमच्याच बाटलीने. दोनदा."

मी रडायला लागले. ती नाही रडली. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. तुम्ही एकट्या जाऊ नका, तुम्ही अर्ध्या वाटेवरून परत याल. मी येते." माझी सून मला बरोबर ओळखते. मुलासाठी पोरगी बघताना मी हिला नकटी म्हणाले होते! देवा, माझं ऐकलं नाहीस ते किती बरं केलंस.

गुरुवार, २१ मार्च

सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. धुरातलं शिसं श्वासातून थोडं थोडं जातं, म्हणाल्या, पण हे पेट्रोल थेट कातडीतून आत शिरतं. आणि ते उडून गेलं तरी त्याचा अंश मागे राहतो — लाकडात, कापडात, मुलांच्या हाताला लागेल असा. अकरा घरांची यादी लिहून घेतली. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कधीच सापडलं नसतं. थँक्यू, ताई." मला थँक्यू! मी मान वर केली नाही.

मग दहा दारं. स्वतःच जायचं असं ठरवलं होतं. शिंप्याच्या बायकोने तोंडावर दार लावलं. आतून म्हणाली, "माझ्या लेकराला विष दिलंत." खरंच आहे. सायकलवाला आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग हसणं थांबलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसून तो आपले हात बघत राहिला. एका घरात म्हातारीने शिव्या घातल्या, पोटभर. ऐकून घेतल्या.

पाळणाघरवाली ताई रडली. पदराने डोळे पुसले, आणि बादली काढली. "चला मावशी. एक टेबल तुम्ही घासा, एक मी." साबणाच्या पाण्याने तीनदा घासली. चौथ्यांदाही घासली. निळं फार मुरलेली दोन तिने अंगणात टाकून दिली. कंबर मोडली, पण जीव थोडा भांड्यात पडला. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

शुक्रवार, २२ मार्च

बातमी पोचलीच; साहेबांनी घरी बसवलं. "नियमाप्रमाणे ही चोरी होते, ताई." चोरी! गवतावर फेकायचं ते मी उचललं. पण वाद घातला नाही. कोट घडी करून टेबलावर ठेवला. नऊ वर्षं नीट खाऊ घातलंत, म्हटलं, त्याचे आभार. मनापासून म्हटलं. ते कागदातून वर बघेनात.

संध्याकाळी मास्तर आले. दारातूनच, "तुम्ही आमचा दावा बुडवलात! आता विमानतळवाले नाचतील." बुडवलाच असणार. त्यांना पाणी दिलं. प्यायले, तेवढं बरं वाटलं.

सोमवार, १ एप्रिल

पाळणाघरात स्वयंपाकाला लागले. ताईनेच बोलावलं. दोन आया अजून माझ्या हातून पोरांना भरवू देत नाहीत. बरोबर आहे. मी भांडी घासते.

भिंगरीने आज दुसऱ्यांदा दूध मागितलं! स्वतःहून! आणि विसरलेलं "फुलपाखरू" बोलली, सहा वेळा. सूनबाईने आणि मी एकमेकींकडे बघितलं, आणि दोघींनीही पटकन दुसरीकडे बघितलं.

सोमवार, १५ एप्रिल

भिंगरीची दुसरी तपासणी. व्हरांड्यात रांगेत उभे होतो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हाताला धरून नकाशापुढे नेलं. माझ्या अकरा टाचण्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. उरल्या आठ. आठही एका ओळीत! धावपट्टीच्या टोकाला विमानं उडण्याआधी उभी राहून इंजिनं तापवतात, तिथून वारा जातो तशा सरळ. "तुमच्या अकरांमुळे हे दिसतच नव्हतं," म्हणाल्या. "आता कोणाला नाही म्हणता येणार नाही." मास्तर शेजारी उभे राहून चष्मा पुसत होते.

त्या ओळीच्या अगदी तोंडाशी, भिंतीला लागून, एक घर. तिथे टाचणी नाही, कारण तिथल्या मुलीला कधी तपासणीला आणलंच नाही. ते साहेबांचं घर.

परत रांगेत आले तर साहेब माझ्या मागे उभे. कडेवर तीन वर्षांची लेक, खांद्यावर डोकं टाकून. माझ्याशी बोलले नाहीत, नुसते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. मी भिंगरीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, साहेब, तुम्ही आधी जा.