पाच चेहऱ्यांचं माप

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढंच गोड मानून घे). तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तू लिहिलं नव्हतंस, आणि त्यावरून पुष्कळ ठरतं. भाऊजींचा खोकला, त्यांनी सोडलेली सिगारेट आणि त्यांनी पुन्हा धरलेली सिगारेट, या तिघांचीही खुशाली कळव. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य मी आजवर दर पत्रात डोळे मिटून लिहीत आलो. या वेळी मात्र हात जरा अडखळला, कारण गेल्या महिन्यात महापालिकेने आमची मजा रीतसर मोजली आणि ती कमी भरली.

झालं असं, की या शहरातली मुलं आणि त्यांची कुटुंबं सुखात आहेत की नाहीत ते मोजायचं वरच्या लोकांनी ठरवलं. रस्ते मोजून झाले होते, नळ मोजून झाले होते, भटकी कुत्रीसुद्धा मोजून झाली होती. सुख तेवढं राहिलं होतं. प्रत्येक विभागातली काही घरं चिठ्ठ्या टाकून काढली, त्यात आमचं निघालं. (आजवर कुठल्याही सोडतीत माझं नाव निघालेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. शिलाई मशीन लागलं होतं ते तुला.) मला बरंच वाटलं. वजनमाप खात्यात उभा जन्म गेला, दुकानोदुकानी लोकांचे काटे तपासून शिक्के मारले. जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास आहे आणि जे येत नाही त्याच्या वाटेला मी जात नाही. म्हटलं, आता कोणी आपल्याला मोजायला येतंय तर येऊ दे. तुझ्या भावजयीने लगेच पडदे धुवायला काढले. मी तिला समजावून सांगितलं, की मोजण्याआधी मालाला हात लावायचा नसतो. तिने पडदे धुतले आणि वर खिडक्याही पुसल्या.

मग एक सर्वेक्षणवाल्या बाई आल्या. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, चपला बाहेर काढून आल्या, चहा नको म्हणाल्या आणि दोनदा घेतला. त्यांनी बरंच काही विचारलं. मुलीला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा आहे का (आहे, पण त्यात शिलाईचा ढीग असतो), सगळे एकत्र जेवता का (जेवतो, पण बोलत नाही, कारण मला घास मोजून चावायची सवय आहे), भांडण झालं तर आधी कोण बोलतं. या शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोघांनी एकदमच ‘मी’ म्हटलं आणि बाईंच्या देखत एक भांडण झालं. ते त्यांनी लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

शेवटी बाईंनी आमच्या भिंगरीपुढे एक पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं. भिंगरीला तू पाहिलंस तेव्हा ती रांगत होती, आता सात वर्षांची आहे आणि एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव कायम झालं आहे. कार्डावर पाच गोल चेहरे होते. पहिला ढसाढसा रडणारा. दुसऱ्याच्या तोंडाचे कोपरे खाली आणि कपाळाला आठी. तिसरा बसची वाट बघत असल्यासारखा. चौथा मिटल्या ओठांनी हसणारा आणि पाचव्याची सगळी बत्तीशी बाहेर. बाई म्हणाल्या, बाळ, घरी कसं असतं, ते यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून दाखव. भिंगरीने क्षणाचाही विचार न करता दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि दोरीच्या उड्या मारायला बाहेर पळाली.

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना ताई, तसं मी खोटी वजनं सापडलेल्या दुकानदाराकडे पाहतो. नियम असा, की मुलाने पहिला किंवा दुसरा चेहरा दाखवला तर महिन्याभरात वरचे साहेब पडताळणीला येतात. पुन्हा तसंच निघालं तर ते घर ‘लक्ष ठेवण्याची घरं’ या यादीत जातं आणि दर आठवड्याला कोणीतरी येऊन बसतं. बाईंना दया आली. हळूच म्हणाल्या, लहान आहे, बोट घसरलं असेल, चौथा लिहून टाकू का? आता ज्याने तागडीला बोट लावणाऱ्यांना आयुष्यभर दंड केले, त्याने स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हो म्हणायचं का? मी नाही म्हणालो. बाईंनी दोन लिहिलं. तुझ्या भावजयीने संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला, तो शेवटी मलाच मोडावा लागला, म्हणजे आधी कोण बोलतं याचंही उत्तर मिळालं.

शेजारचे विमावाले मात्र सुटले. त्यांच्या दोन्ही पोरांना पाचवा चेहरा मिळाला. बोट विमावाल्यांनीच ठेवलं. पोरं त्या वेळी दाराआड एकमेकांचे केस ओढत होती. विमावाले जिन्यात भेटले की हल्ली माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात.

हे सगळं मी हसण्यावारी लिहितोय, पण खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं. आपल्याच घरात आपली पोर खिन्न आहे आणि आपल्याला पत्ता नाही, हे काही बरं नव्हे. म्हणून मी माझ्या पद्धतीने तपास सुरू केला. आधी नुसतं निरीक्षण. भिंगरी दात घासताना गाते, जेवताना गाते, पाढे म्हणताना तर चाल लावूनच म्हणते. खिन्नतेचं कुठलंच लक्षण सापडेना. मग समोर बसवून विचारलं, घरी काही त्रास होतो का गं? ती हो म्हणाली. त्रास काय, तर तिची आई केस फार ओढून विंचरते. हा मुद्दा मी तुझ्या भावजयीकडे पोचवला आणि तो तिथेच संपला.

सर्वेक्षणवाल्यांनी एक माहितीपत्रक ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की मुलांच्या मनावर पालकांच्या चेहऱ्याचा परिणाम होतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हसायचं ठरवलं. (तू आत्ता जी काय हसली असशील ती हसून घे.) आधी कार्यालयात वजनांच्या कपाटाच्या काचेत बघून सराव केला. मग तसाच तोंड सांभाळत तपासणीला बाहेर पडलो. एका धान्यवाल्याने मला हसताना पाहिलं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्याने गल्ल्याखालची दोन खोटी वजनं आपणहून काढून माझ्यापुढे ठेवली. त्याच्याकडे मी नुसता सुट्टे मागायला गेलो होतो. घरी आल्यावर मी भिंगरीकडे बघून हसलो. ती बराच वेळ बघत राहिली आणि आत जाऊन आईला विचारून आली, की बाबांची दाढ दुखते का. तुझ्या भावजयीने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तरी मी नेट सोडला नाही आणि साहेब येईपर्यंत घरात सतत हसत वावरलो.

साहेब आले ते दमलेले होते, हातात पिशवी, पिशवीत तेच कार्ड. भिंगरीला समोर बसवलं. मी साहेबांच्या शेजारी बसलो, जमेल तेवढं हसत. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. भिंगरीने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

“यातला एकही नाही,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, मागच्या वेळी तर तू दुसरा दाखवला होतास.

“तेव्हा ते बाबा होते. आता बाबा यात नाहीत.”

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तोंड आपोआप जागेवर आलं, आणि त्याबरोबर भिंगरीने दुसऱ्या चेहऱ्यावर खट्‌कन बोट ठेवलं. “हे बघा, आले.”

तुझी भावजय तोंड दाबून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडं पडल्याचा आवाज आला. साहेबांनी फार सबुरीने घेतलं. म्हणाले, अगं, बाबांचं नाही विचारत, तुला घरी कसं वाटतं ते विचारतोय. त्यावर भिंगरीने उत्तर दिलं, की मी यात कशी असेन, यात मुलगी एकही नाही, सगळ्यांना टक्कल आहे. साहेबांनी कार्ड उचलून जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. ते कार्ड घेऊन ते गावभर हिंडले होते. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पाचही टकलांवर केस काढले. (ते सरकारी साधन होतं, तशी मी हरकत घेतली. त्यांनी ऐकलं नाही.) पुन्हा विचारलं. या वेळी तिने वेळ घेतला, एकेक चेहरा नीट पाहिला आणि चौथ्यावर बोट ठेवलं. साहेब खूश झाले, जरा मोहही पडला असावा. पाचवा नाही का, म्हणाले.

“त्याला सगळे दात आहेत. माझा पुढचा पडलाय.”

ताई, पोरगी सुखात आहे हे कळून मला जे हायसं वाटलं ते वाटलंच, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. समोर पाचवा आयता मिळत असताना तिने चौथा धरून ठेवला. साहेबांनी चार लिहिलं आणि आमचं घर सुटलं. विमावाल्यांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांना माझी काळजी करायची सवय लागली आहे, एकदम तोडणं बरं नाही. भाऊजींना नमस्कार सांग, स्वतःला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गुडघ्याला शेक देत असशील तर ओला देतेस की कोरडा, तेही कळव.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. त्या कार्डावर पालकांनीही बोट ठेवायचं असतं. तुझ्या भावजयीने तीन आणि चारच्या मधल्या रेघेवर ठेवलं, साहेबांनी ते चालवून घेतलं. माझं बोट मात्र कुठेच पडेना. साहेब कार्ड ठेवून गेलेत, म्हणाले, सवडीने कळवा. आता आमच्या खात्यात निरीक्षकाने स्वतःचा काटा स्वतः तपासायचा नसतो, बाहेरचं माणूस बोलवावं लागतं. माझं तोंड असं पडण्याआधी कसं होतं, हे पाहिलेली आई गेल्यावर तू एकटीच उरली आहेस. आकडा पत्राने कळवून चालणार नाही, माप समक्षच घ्यावं लागतं. तेव्हा गुडघ्याला झेपेल तसं इकडे येऊन जा. सहा वर्षांत आली नाहीस. आमच्याकडे आता लिफ्ट आहे.

ता. क. ३. पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. तिचं म्हणणं, एवढी पानं भरण्यापेक्षा ‘वन्सं, या, यांना तुमची आठवण येते’ एवढंच लिहिलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं, किती येते ते मोजायला आपल्याकडे काही साधन नाही. ती म्हणाली, मग न मोजता लिहा. तर लिहितो. खूप येते.