एकतीस नंबरची नळी

प्रिय अळीवाले,

माझं अक्षर ओळखलंस की तू हे पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये सारशील, असं आपल्या वर्गातल्या चष्म्याचं म्हणणं आहे. म्हणून आधीच सांगतो, यात रडगाणं नाही, अळ्या आहेत. अळ्यांचं पत्र तू टाकून देणार नाहीस, तेवढं तुला ओळखतो.

कॉलेज सोडून आठ महिने झाले. बाबा अजून माझ्याशी आईमार्फतच बोलतात. समोरासमोर जेवायला बसलो तरी मीठ आईकडूनच येतं. नोकरी मात्र लागलीय, आणि तू हसणार आहेस. पिकांवरच्या किडींना मारणारी बुरशी आम्ही तयार करतो. कारखाना म्हणजे चार खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. तांदूळ अर्धवट शिजवायचा, पिशव्यांत भरून वाफेवर निर्जंतुक करायचा, आणि निवला की दह्याला विरजण लावावं तशी त्याला बुरशी लावायची. चार दिवसांत पिशवी पांढरी होते, बारा-पंधरा दिवसांत हिरवी. ती हिरवी पूड चाळून पाकिटांत जाते. तू ज्या बुरशीवर प्रयोग करत होतीस तीच ही. तेव्हा तू तासन् तास सांगायचीस आणि मी तुझ्याकडे बघत बसायचो. ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

आता मात्र मला वेडच लागलंय. पूड फवारली की पहिला फोन ठरलेला असतो. 'अहो, तुमचं औषध मारलं, पण अळी तर मजेत फिरतेय.' फोनवर समजूत घालायचं काम माझ्याकडे, म्हणजे बघ, जगात काय काय घडू शकतं. मी सांगतो, पाच दिवस द्या. तोवर तो एवढासा कण अळीच्या कातडीवर रुजतो, आत शिरतो, पसरतो. तिसऱ्या दिवशी तिची भूक जाते, पाचव्या दिवशी ती खडूसारखी कडक होते. आणि हवेत ओल असेल तरच, हे नीट वाच, ओल असेल तरच अंगातून पांढरा कापूस फुटतो आणि मग हिरवा होतो. कोरड्या हवेत ती नुसती वाळते. बघणाऱ्याला वाटतं, उपाशी मेली.

आमच्या बाई, म्हणजे मालकीणबाई, यांचा एक नियम आहे. बुरशीच्या खोलीत जो गेला तो त्या दिवशी चाचणीसाठी पाळलेल्या अळ्यांच्या खोलीत जात नाही. घरी जा, अंघोळ कर, उद्या ये. आधी निरोगी, मग आजारी, उलटं कधीच नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी उलटं केलं. अळ्या किती वाढल्यात एवढंच बघायला डोकावलो, दोन-चार डब्यांची झाकणं उचलली. आठवड्यात दीडशे अळ्या मेल्या. मी अर्थातच पेटलो. हात लावला नाही, शपथेवर सांगतो, वगैरे. बाईंनी आवाजही चढवला नाही. माझ्या शर्टाचा खिसा उलटा करून बुरशीचं खाद्य ओतलेल्या एका काचेच्या ताटलीवर झटकला, ताटली झाकली आणि म्हणाल्या, "भांडण पुढच्या आठवड्यात करू." पुढच्या आठवड्यात ताटली हिरवी होती.

त्या ताटलीकडे बघताना मला तुझी प्रयोगशाळा आठवली. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू दोन दिवस घरी गेलीस आणि नियम मोडून किल्ली माझ्या हातात दिलीस. चाळीस नळ्या, प्रत्येकीत एक अळी, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. एक ते वीस बुरशी लावलेल्या, एकवीस ते चाळीस निरोगी, तुलनेसाठी. तू बजावलं होतंस, आधी एकवीसपासून पुढच्यांना खायला घाल, मग मागे ये, आणि ब्रश दोन आहेत. मला वाटलं, एकवीसपासून मोजायला कोण सुरू करतं? मी एकापासून सुरू केलं, एकाच ब्रशने. पहिल्या विसांतल्या ज्या मेल्या होत्या त्यांच्या नळीत तू ओला कापूस घातला होतास, त्या हिरव्या झाल्या होत्या, फार देखण्या दिसत होत्या. एकेक नळी उघडून उजेडात धरली. मग त्याच हातांनी पुढे गेलो. तू आलीस तेव्हा वर फुशारकी मारली की तुझी लेकरं छान सांभाळली.

निरोगी विसांपैकी तेरा वाळून मेल्या. सर म्हणाले, उपाशी ठेवल्यास, निष्काळजी आहेस, प्रकल्प नामंजूर. त्यांनी विचारलं, आणखी कोणी इथे आलं होतं का? मी तुझ्या शेजारीच उभा होतो. माझं नाव घेतलं नाहीस. तिथे मी एक साधं वाक्य बोलायला हवं होतं. ते सोडून मी न्याय-अन्यायावर भाषण ठोकलं, ट्रे भिरकावला, ओळखपत्र टेबलावर आपटलं आणि निघालो. तपासण्यासारखं जे काही होतं ते मीच फोडलं, आणि इतके महिने स्वतःला तुझ्यासाठी शहीद झालेला समजत होतो.

एक नळी मात्र फुटली नव्हती. घरंगळत माझ्या बुटापाशी आली, ती मी खिशात टाकली. एकतीस नंबर. अळीसाठी नव्हे गं, त्यावर तुझ्या अक्षरातले ते दोन आकडे होते म्हणून. टेबलावर माझ्यासमोर असायची. गेल्या महिन्यात बाईंना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर ती अळी ओल्या कागदावर ठेवली. रोज सकाळी बघायचो. चौथ्या दिवशी सांध्यांतून पांढरं फुटलं. नवव्या दिवशी हिरवं.

चष्म्याकडून कळलं, गुरुवारी तुझा प्रकल्प पुन्हा समितीपुढे आहे आणि तू स्वतःच म्हणत फिरतेस की माझीच चूक झाली असेल. तुझी नव्हती. सोबत ती नळी आहे, बाईंची सहीची चिठ्ठी आहे आणि सरांच्या नावाचं माझं पत्र, सगळं कबूल केलेलं. ते मी पोस्टात टाकणार होतो, पेटीपर्यंत गेलोही होतो. पण त्यात किल्लीचीही गोष्ट येते, आणि ती तुझी आहे. म्हणून त्या पत्राचं पाकीट उघडंच ठेवलंय. द्यायचं की फाडायचं, तू ठरव. मी वाट बघेन, आता जमतं मला ते. आणि नळी उघडण्याआधी तुझ्या निरोगी अळ्यांना खायला घालून घे.

तुझाच,
स्टोव्ह