आईच्या वाफ्यातला घेवडा

कांकिंदीताई,

लांबण लावत नाही. गासाना तुरुंगातून सुटला. काल केळ्याच्या दारूचं मडकं घेऊन दारात आला. चौऱ्याण्णव सालच्या कत्तलीत तुत्सी म्हणून आपल्या आईला कापणारा तोच.

वीस वर्षं मी डोंगरोडोंगरी सभा घेते. मारेकऱ्यांना सांगते, खरं बोला, प्रेतं कुठं पुरलीत ते दाखवा, लोकांना आपल्या माणसांची हाडं तरी मिळू द्या. सभेत बोलणं सोपं असतं. याचं तोंड पाहून माझे हात शिवशिवले.

"बाई, घोटभर घ्या. मग आईची जागा सांगतो," तो म्हणाला.

"आधी तू पी. आणणाऱ्यानं आधी प्यायची असते. का तुरुंगात रीत विसरलास?"

"विष घालणारा एवढं जड मडकं चढावर कशाला वाहील?" असं म्हणून तो नळीनं प्यायला. मग मी प्यायले. माफ केलं म्हणून नाही. आई हवी होती म्हणून.

त्यानं बोट दाखवलं. घरामागचा घेवड्याचा वाफा.

दर सुगीला तू ब्रुसेल्सहून सांगतेस, "आईच्या वाफ्यातलाच घेवडा पाठव गं, ती चव इथं नाही." दर सुगीला मी पाठवते. मीही तोच खाते.

उद्या खणायला माणसं येतील. आई सापडली, दफनाला ये, एवढं फोनवर सांगेन. कुठं सापडली विचारलंस तर नदीकाठी म्हणेन. हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

आणि यंदा घेवडा आलाच नाही, असं कळवेन.

तुझी धाकटी,
मुकांतवारी