आक्काचं गोठ्यातलं लुगडं

२ सप्टेंबर
मैनेनं आजही चरवी उडवली. गुडघ्यावर बसली लाथ. आक्का गेल्यापासून हेच चाललंय. दिवसकार्य होईपर्यंत रेडकूच सगळं पीत होतं, पण त्याला ते पेलेना, हगवण लागली. आता धार काढायलाच हवी आणि ही बया आक्काशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. माझी आई, पण अख्ख्या गल्लीची आक्का. मैनेची कोण होती, ते मैनेलाच ठाऊक.
सु. म्हणते, "जमत न्हाय तर इका. मुक्या जनावराला कशाला तरास?"
बायकोचं बोलणं खरं असतं तेव्हा जास्त राग येतो.

३ सप्टेंबर
गल्लीतल्या एकानं इंजेक्शन सुचवलं. टोचलं की पान्हा सोडते म्हणे. आक्का असती तर त्यालाच टोचलं असतं. "सुईचं दूध माझ्या दारातनं जायाचं न्हाय," हे तिचं ठरलेलं.
संध्याकाळी मुश्ताकचाचा आले. पलीकडच्या बोळात त्यांच्याही दोन म्हशी. म्हणाले, "आक्काचं लुगडं नेसून बस जा. म्हस नाकानं वळखती, पोरा."

४ सप्टेंबर
नेसलो!
पन्नाशीचा गडी, कागल एमआयडीसीतला सुपरवायझर, पँटवरनं आईचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली. गोठ्यातल्या खुंटीवर ती एक लुगडं कायम ठेवायची, धारेला बसताना नेसायची. हिरवं, विटलेलं. सु. खिडकीतून बघून इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.
मैनेनं पदर हुंगला. फुरफुरली. मग सोडला पान्हा, चरवी भरून!
मिसरी, पेंड, चुलीचा धूर, खोबरेल. वास मलाही आला. धार काढता काढता रडलो. म्हशीच्या पोटाला डोकं टेकलेलं होतं, कुणाला दिसलं नाही.
सु.ला वासाचं काही बोललो नाही. आणखी हसली असती.

१० सप्टेंबर
शोभा आली, धाकटी बहीण, गगनबावड्याला दिलेली. आक्काच्या लुगड्यांची वाकळ शिवतेय. बाकीची सगळी दिली, तर खुंटीवरचंही मागते.
"दादा, तेच तिच्या अंगावरचं शेवटचं. मधी लावीन."
"मैनेला लागतंय."
"मैनेला लागतंय का तुला?"
ती रडली, मग जेवली, मग तिघं बसून आक्काच्याच गोष्टी. बाबा गेले तेव्हा शोभा पाळण्यात. दुसऱ्या दिवसापासून आक्का म्हैस घेऊन दूध कट्ट्यावर. तिथं सगळे पुरुष. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस कट्ट्यावर कशाला? आक्का म्हणाली, "दूध बाईच देती. तुमच्या म्हशी काय रेडे हायत?" तिथून पुढं तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. गिऱ्हाईकासमोर ग्लासात धार काढायची, फेस वर येईपर्यंत. दूध पातळ आहे म्हणणाऱ्याला सांगायची, "पाणी नळाला येतं, पावणं. हितं म्हस हाय."
शोभा जाताना लुगड्याला नाक लावून गेली. म्हणजे तिलाही माहीत आहे.

१५ सप्टेंबर
जमतंय. हात दुखतात, पण जमतंय. कामावर एकजण म्हणाला, साहेब, तुमच्या अंगाला म्हशीचा वास येतो. म्हटलं, येऊ दे.
खरं सांगायचं तर पहाटेची वाट बघतो आता.

२० सप्टेंबर
संपलं.
शिफ्टवरून आलो तर गच्चीत दोऱ्या भरून धुणं. नवरात्राच्या आधीची धुलाई. अंथरुणं, पांघरुणं, पडदे, आणि मधे हिरवं लुगडं, लख्ख. जवळ गेलो. साबण. नुसता साबण.
ओरडलो. खूप ओरडलो. औंदा घट बसवायचा नाही, तर धुवायची एवढी घाई कशाला?
"घट न्हाय म्हून घर घाण ठिवायचं व्हय? आक्काच सगळं धुवाय लावायच्या. चिंधी सोडू द्यायच्या न्हाईत."
"त्यात तिचा वास हुता!"
मग हळू म्हणाली, "मला वाटलं, म्हस लुगडं बघती. मला कुणी सांगितलं का?"
नाही सांगितलं. कुणीच नाही.

२१ सप्टेंबर
मैनेनं हुंगलं, मान फिरवली, लाथ. कास दगडासारखी झालीय.
शाहूवाडीच्या एका गिऱ्हाईकाला फोन केला. म्हस देतो म्हणालो. रागात म्हणालो, पण म्हणालो.

२३ सप्टेंबर
हे नीट लिहून ठेवतो.
सकाळी चहा घेत होतो. गोठ्यातून आक्का ओरडली. "हुबी ऱ्हा की गं भवाने! तुझ्या बापाचं काय खाल्लंय म्या?"
कप खाली ठेवला का पडला, आठवत नाही. अनवाणी धावलो.
सु. बसली होती. रोजच्या गाऊनवर, कपाळावर घाम. चरवीत धार वाजत होती, मैना शहाण्यासारखी रवंथ करत होती.
"काय बघताय? पेंड टाका तिच्या म्होरं."
तेही आक्काच्याच आवाजात. लग्न झाल्यापासून या बाईनं रोज तिच्या शिव्या खाल्ल्या. कुठं साठवल्या होत्या?
नंतर म्हणाली, "इकायची तर इका. पर कास ठणकत असताना मला बघवंना."

२४ सप्टेंबर
आजही सु.नंच धार काढली. मैनेचं भागलं. माझं काय?
सु.ला म्हटलं, ते कालचं परत एकदा म्हण की, भवाने. म्हणाली, "येड लागलंय का?" स्वतःच्या आवाजात. आक्काचा आवाज मागून मिळत नाही, म्हशीवर चिडली की येतो. आता रोज धारेच्या वेळी दाराआड उभा राहतो. कामावर उशीर होतो.

२८ सप्टेंबर
शाहूवाडीचे पावणे आले. मैनेची शिंगं बघितली, दात बघितले, पाठीवर थाप मारली. पसंत. सु.नं चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "म्हस आक्कांची. मी कोण सांगणार?"
तूच सांगायचंस, असं म्हणायला हवं होतं. दसऱ्यापर्यंत कळवतो म्हणालो पावण्यांना.

१ ऑक्टोबर
काल धार चालू असताना एक सुचलं. आक्काचा वास म्हणजे निम्मा तर गोठ्याचाच होता. पेंडीचा, शेणाचा, मैनेचा. तो कुठं गेलाय?
कपाटातून लुगडं काढलं आणि परत खुंटीला अडकवलं. सु. म्हणाली, धुतलेलं लुगडं घाणीत कशाला? सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. हसली नाही. आज सकाळी बघतो तर आक्काची मिसरीची डबी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली.
पावण्यांचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. उद्या दसरा.
मैनेनं मान लांब करून पदर हुंगला. मग मी हुंगला.
अजून साबणच येतोय.