ड्रेसरला क्लबात घेतात त्याची हकीगत

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
सोमवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या रामप्रसादचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच). दाजींचा खोकला उतरला का? पाचोडच्या बाजारातून त्यांना पिशव्या उचलून आणू देऊ नको. माझी तब्येत ठीक आहे, दोन्ही वेळा जेवतो. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून पत्र लिहितोय. नातीकडून वाचून घे. (संस्कृती बाळा, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाय.)

दिवाळीला तू म्हणालीस, "राम्या, सत्यशीला गेल्यापासून तू भिंतीशी बोलायला लागलास. चार माणसांत जाऊन बस." मी मनावर घेतलं. शेजारचे सुदर्शनराव एका सेवा क्लबात आहेत. रक्तदान, डोळ्यांची तपासणी, शाळेला बाकं, असली कामं करतात. मला वाटलं, जायचं, नाव सांगायचं, बसायचं. पण तसं नसतं. आपण होऊन आत जाताच येत नाय. आतल्या माणसानं आपलं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं त्याला दुजोरा द्यायचा, आपण पाहुणा म्हणून तीन मंगळवार बसायचं, मग समिती घर बघायला येणार, मग नाव सगळ्यांना कळवून सात दिवस वाट बघायची, कुणाची हरकत आहे का म्हणून. तुझी सोयरीक याच्यापेक्षा लवकर जमली होती.

पहिल्या मंगळवारी जालना रोडवरच्या हॉटेलात गेलो. प्रत्येकानं उठून नाव आणि धंदा सांगायचा. एकाच धंद्याची माणसं जास्त होऊ नयेत, असा त्यांचा कटाक्ष. वकील झाले, दातांचे डॉक्टर झाले, माझी पाळी आली. सरकारी कागदावर मी व्रणोपचारक, पण तो शब्द मला चौतीस वर्षांत एका दमात म्हणता आला नाय. म्हणालो, "ड्रेसर होतो, रिटायर झालो." जनावरांच्या दवाखान्यात, हे सांगायच्या आत टाळ्या वाजल्या. लिहिणाऱ्यानं लिहिलं, ड्रेस डिझायनर. अध्यक्षा सुरेखाताई जेवताना शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, आपल्याकडं तुमच्या लाइनीचं कुणीच नव्हतं. गळा मागून खोल ठेवला तर खांदा उतरतो का हो?" अक्का, मी जन्मभर बैलांच्या खांद्याला मलम लावलं. मी म्हणालो, "खांद्याची काळजी घ्यावीच लागते." आणि मान खाली घालून भात कालवला. (खोटं बोललो नाय. खरंही बोललो नाय.)

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दुसऱ्या मंगळवारी तीन बायांनी बाह्यांबद्दल विचारलं. तिसऱ्या मंगळवारी मी लोकांना रंग सुचवायला लागलो होतो, आणि खरं सांगू, बरं वाटत होतं. वर्षभरात मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग गुरुवारी समिती घरी आली, सुरेखाताई आणि दोघं जण. मी पोहे केले, सत्यशीलाच्या कपबश्या काढल्या आणि नवरीसारखा दाराआड उभा राहिलो. सुरेखाताईंनी पर्समधून ब्लाउज पीस काढला. "भाचीचं लग्न आहे. मशीन कुठंय तुमची?" तेवढ्यात फुलंब्रीचा मुंजाबा धनगर मेंढरू खांद्यावर घेऊन दारात. "राम्भाऊ, कुत्र्यानं फाडलंय हो, तेवढं शिवून द्या!"

मी शिवलं, अंगणातच. अक्का, अकरा टाके. समिती ओट्यावर उभी. सुरेखाताईंनी मेंढराचं डोकं धरलं, दुसरं कुणी पुढं येईना. शेवटची गाठ मारली आणि म्हणालो, "ताई, मी ह्या लाइनीतला ड्रेसर." त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

पण हसून झाल्यावर त्यांनी मी भरून दिलेला फॉर्म वाचायला घेतला. "वहिनी कुठं दिसत नाहीत?" मी म्हणालो, "गेली. भाद्रपदात वर्ष झालं. पण जोडीदाराचं नाव म्हणून रकाना होता. मोकळा ठेवायला हात धजला नाय." लग्नाची तारीखही लिहिली होती. खोडायला मी पेन पुढं केलं. त्यांनी ते घेतलंच नाय. "राहू द्या," म्हणाल्या. "क्लबात का यायचंय तेवढं सांगा." सुदर्शनरावांनी समाजऋणावर मला चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. एक आठवेना. म्हणालो, "मंगळवारी संध्याकाळी कुठंतरी आपली एक खुर्ची असावी. आपण नाय गेलो तर कुणीतरी विचारावं, आज का आला नाय." मेंढरू तेवढं ओरडलं.

पुढचे सात दिवस लई जड गेले. वाटलं, ज्यांना बाह्या सुचवल्या त्या हरकत घेणार. काल सुदर्शनराव ओरडतच आले. एकही हरकत नाय! धंद्यापुढं आता 'पशुसेवा' लिहिलंय, आणि फुलंब्रीला जनावरांचं शिबिर घ्यायचं ठरलंय. मला काही एवढं अप्रूप नाय म्हणा. शपथ घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

सगळ्यांना नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद.

तुझा,
रामप्रसाद

ता. क. – शपथविधी येत्या रविवारी अकराला आहे. शपथ झाली की घरच्या माणसानं नव्या सभासदाच्या शर्टाला क्लबाची पिन लावायची, अशी रीत आहे. लेकाला, विश्वजीतला, पुण्याहून रजा मिळत नाय. तुला जमलं तर बघ. गुडघे दुखत असतील तर राहू दे, सुदर्शनराव लावतील.

ता. क. दुसरा – विश्वजीतला मी विचारलंच नाय. (संस्कृती, हे मोठ्यानं वाच.) शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या सदऱ्याची गुंडी तुटली, तर तू रडत रडत आपल्या झंपरची तोडून लावली होतीस. घरचं माणूस म्हणून मी तुझंच नाव दिलंय, ते पत्रिकेत छापूनही झालंय. सकाळच्या पहिल्या एसटीनं ये. मी स्टँडवर असेन.