कुर्लीचे कळे

कट्टा, ता. मालवण
डिसेंबर, बुधवार (गुरुवारही असेल, कॅलेंडरावर तुळसाने सूप टांगलं आहे)

श्रीमान सगुणराव, मुक्काम सावंतवाडी, यांस कट्ट्याहून व्याही गुरुदास याचे हात जोडून नमस्कार. सौ. नर्मदाबाईंनाही सांगावेत. आपण दोघं खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर तुमच्या प्राजक्ताने आमच्या विनीतला आणि विनीतने मला कळवलं असतं (कळवलं असतं का? हल्ली तो चांगली बातमीसुद्धा शिळी करून सांगतो). आपला गुडघा कसा आहे? नर्मदाबाईंचा खोकला गेला की बसला? आमच्याकडे सर्व ठीक आहे. आमची सौ. तुळसा ठीक आहे. गुरं ठीक आहेत. मी मात्र ठीक नाही, पण दुखत काही नाही, म्हणून डॉक्टरकडे जाऊन काय सांगायचं हा प्रश्न आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं मनात येईल. फोन आमच्याकडे तुळसाच्या कानासमोर करावा लागतो, आणि आपल्याकडे नर्मदाबाई तो मोठ्या आवाजावर ठेवतात. मी सातवीपर्यंतच शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्यावं. विषय झाडाचा आहे.

मे महिन्यात प्राजक्ताने पुण्याहून दोन कुंड्या आणल्या, एक तुम्हाला, एक आम्हाला, हे आपल्याला आठवत असेलच. "नाताळ निवडुंग," ती म्हणाली, "बरोबर नाताळला फुलतो." आणि रियाने तिथल्या तिथे जाहीर केलं की नाताळच्या सुटीत ती येणार आणि ज्या आजोबांचं झाड आधी फुलेल त्यांच्याकडे आधी राहणार. सगळे हसले. आपणही हसलात. मीही हसलो, पण तेव्हापासून मला झोप नाही. सुटी चार दिवसांची. "आधी" ज्यांच्याकडे, त्यांच्याकडेच चारही दिवस, हे आपल्याला काय आणि मला काय, वेगळं सांगायला नको. मागच्या वर्षी असंच "नंतर कट्ट्याला जाऊ" करता करता विनीतची रजा संपली, आणि तुळसाने करून ठेवलेले खाजे आम्ही दोघांनीच मार्च महिन्यापर्यंत खाल्ले. (आमच्या दातांचं जे झालं ते वेगळं.)

आता निवडुंग म्हटल्यावर माणूस काय समजेल? निवडुंगाची जागा कुंपणाच्या गडग्यावर. घरात काटेरी झाड ठेवायचं नाही, हे तुळसाचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, याला काटे कुठे आहेत? ती म्हणाली, नाव निवडुंग आहे ना, मग आज नाहीत ते उद्या येतील. म्हणून कुंडी उचलून बांधावरच्या दगडी गडग्यावर ठेवली, भर उन्हात. आठवडाभरात ते झाड तांबडं झालं. पानाला पान जोडून खेकड्याच्या नांग्यांसारख्या खाली वाकलेल्या त्या फांद्या, कडेला दातरे, आणि वर तो उकडल्यासारखा रंग. तुळसा कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या झाड न्हय, ही शिजवलेली कुर्ली." तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव कुर्ली. निवडुंग म्हटलं तर कोणाला कळत नाही. (नाव बदलल्यावर मात्र तिने त्याला पडवीत येऊ दिलं. कुर्लीला घरात मज्जाव नाही.)

शेजारचा बाबली, जो बोटीवर होता आणि त्यामुळे ज्याला जगातलं सगळं माहीत असतं, तो बघायला आला. त्याने सांगितलं की हे वाळवंटातलं नाहीच, परदेशात कुठेतरी दाट रानात मोठ्या झाडांच्या फांदीवर वाढतं. सगुणराव, मी जन्मभर कलमांवरची बांडगुळं तोडत आलो. एक बांडगूळ दिसलं तर मला जेवण जात नाही. मी विचारलं, मग हे बांडगूळच की रे? "बांडगूळ झाडाचा रगत पिता, गुरुदासानू," बाबली म्हणाला. "ह्या नुसता बसता. पावण्यासारखा." पाहुण्यासारखं बसतं म्हणजे खातं काय, हे त्याने सांगितलं नाही. पालापाचोळ्यावर भागवतं म्हणे. मग मी आंब्याखालची कुजकी पानं आणि थोडी वाळू घालून माती बदलली, मुळं बघून घेतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघितली, आणि पडवीत ठेवून दिलं. तांबडेपणा गेला. हिरवं झालं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं असं तुळसा म्हणते.

पण गणपतीनंतर रियाचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, कॅमेरा पानावर धरा, कपाळावर नको," असं दोनदा म्हणाली, मग म्हणाली की ते पान नाहीच, ते खोडच आहे, चपटं. (म्हणजे झाडाला पानंच नाहीत. हे मी तुळसाला सांगितलेलं नाही.) तिने शाळेतल्या कसल्याशा प्रकल्पासाठी वाचलं होतं की या कुर्लीच्या तीन जाती. कडेला टोकदार दात असले तर ती नोव्हेंबरात फुलते, तेव्हा अमेरिकेत आभार मानायचा सण असतो. कड गोलसर, लाटेसारखी असली तर खरी नाताळची. आणि टोकाला बारीक केस असले तर ईस्टरची, म्हणजे एप्रिलची. दुकानदार सगळ्यांनाच नाताळ म्हणून विकतात. हे ती हसत हसत सांगत होती आणि मी बोटांवर महिने मोजत होतो. नोव्हेंबरात तिला सुटी नाही. एप्रिलात परीक्षा. तीन जातींतून एकच जात नातीला घरी आणणारी, आणि ती कुठली हे एका कडेवर ठरणार.

मी चष्मा लावून बघितलं, टोकदार. तुळसाने चष्म्याशिवाय बघितलं, गोल. बाबलीला दाखवलं, त्याला केस दिसले. (ते कोंबडीचं पीस होतं.) मग मी रोज सकाळी बघायला लागलो, आणि सगुणराव, खरं सांगतो, बघून बघून मला दात दिसायचे ते गोल व्हायचे आणि गोल दिसायचे ते टोकदार. शेवटी एक तुकडा तोडून पाकिटात घालून पुण्याला पाठवला. पोचेपर्यंत तो चेपला. प्राजक्ता म्हणाली, "बाबा, काय फरक पडतो? फुलेल तेव्हा फुलेल." किती शांत मुलगी दिलीत आपण आम्हाला. ती कोणावर गेली हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढे बाबलीच्या मोबाइलवर निघालं की कळे यायचे तर याला लांब रात्र लागते. संध्याकाळपासून सकाळी ऊन वर येईपर्यंत पुरता अंधार, आणि जरा गारवा. गारवा तुमच्याकडे आहे, घाट जवळ. आमच्याकडे समुद्राची हवा, ती रात्रीसुद्धा अंगाला चिकटते. पण अंधार मी करू शकत होतो. मी कुंडी कांद्याबटाट्याच्या खोलीत नेली आणि बल्ब काढून खिशात ठेवला. तुळसा कांदे आणायला गेली आणि पायलीवर आपटली. त्यानंतर ती जे बोलली ते व्याह्यांना लिहिण्यासारखं नाही. मग मी कोंबड्या झाकायचा डालगा आणला, त्यावर गोणपाट टाकलं आणि कुंडी पडवीतच झाकली. संध्याकाळी झाकायची, सकाळी उघडायची. एकदा उघडली तर आत तांबडी कोंबडी बसलेली. तिला वाटलं असेल डालगा आपला आहे, आणि तिचं चुकलं असं म्हणता येत नाही.

पण कळे आले. नोव्हेंबर सरता सरता प्रत्येक फांदीच्या टोकाला तांदळाएवढा, मग चवळीएवढा गुलाबी दाणा. मी तुळसाला हाताला धरून दाखवलं. तिने कोणाचं लक्ष नाही असं बघून कुंडीला हळदीचं बोट लावलं. त्या दिवशी आम्ही दोघं जेवताना भांडलो नाही.

यानंतर मी जे केलं ते सगळं चांगल्यासाठी केलं. पडवीत वारा लागेल म्हणून कुंडी माजघरात नेली. माजघरात उजेड कमी म्हणून खिडकीत. खिडकीत मांजर म्हणून पुन्हा पडवीत, पण दुसऱ्या टोकाला. कळ्यांना तहान जास्त लागेल म्हणून सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मध्ये ताक करताना उरलेलं थोडं. एका बाजूचे कळे मोठे दिसले म्हणून रोज कुंडी थोडी फिरवली. आणि एके सकाळी पहिला कळा टप्प करून माझ्या समोर पडला.

आता आपण सावंतवाडीत राहता, पण आपल्यालाही माहीत आहे की आमच्याकडे देवळात कौल लावतात तो कसा. देवाच्या अंगावर कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडचा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. मी त्या क्षणी मनात हेच म्हणत होतो की रिया येईल ना. आणि कळा पडला. पण कुठल्या बाजूचा? देवाचा उजवा हात कुठला हे समजतं, कारण देवाला तोंड आहे. कुर्लीचं तोंड कुठे? बरं, मी आदल्या दिवशी कुंडी फिरवलेली. मी गुरवांकडे गेलो आणि विचारलं की झाडाची उजवी बाजू कशी ठरवायची. ते फुलं निवडत होते, वर न बघता म्हणाले, "कौल देव दिता, कुंडी नाय." हे बरोबर आहे, पण याने माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. घरी येईतो आणखी दोन पडले, एक इकडे एक तिकडे. दुसऱ्या दिवशी आणखी. मी ते गोळा करून पाटावर मांडले, होय एका बाजूला, नाही दुसऱ्या बाजूला. तुळसाने ते सगळे एका हाताने केरात लोटले.

बाबली म्हणतो, कळे धरल्यावर कुंडी हलवली, फिरवली किंवा पाणी जास्त झालं की ते गळतात. हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

अशात परवा रियाचा फोन आला. सावंतवाडीच्या आजोबांचं झाड फुललं. फांदी न् फांदी गुलाबी. आपण ते मागच्या ओसरीवर ठेवलंत आणि नंतर त्याच्याकडे बघितलंच नाहीत, असं ती म्हणाली. अभिनंदन, सगुणराव. मनापासून लिहितो. माणसाने निष्काळजी असावं ते असं. "तुमचं फुललं का, आजोबा?" तिने विचारलं. मी म्हटलं, रेंज नाही.

आपल्या झाडाविषयी एक सुचवावंसं वाटतं. फुलं आल्यावर कुंडी एकाच जागी ठेवू नये. रोज थोडी फिरवावी, जागा बदलावी, पाणी सढळ हाताने द्यावं, तहान फार लागते. अनुभवाचे बोल समजावेत.

नर्मदाबाईंना पुन्हा नमस्कार. गुडघ्याला तेल लावावं.

आपला,
गुरुदास

ता. क. वरचा सल्ला पाळू नये. लिहिताना मन थाऱ्यावर नव्हतं. रियाला फुलं दिसू देत, कुठे का दिसेनात.

आणखी एक. आमच्या कुर्लीवर एक कळा अजून आहे. तुळसा पडवीच्या दारात पाट टाकून बसली आहे आणि मला तिकडे जाऊ देत नाही, म्हणून हे पत्र गोठ्यात बसून लिहितो आहे. तिचं म्हणणं असं की कळे पाण्याने गळले नाहीत की वाऱ्यानेही नाहीत. "तुमी घरात ऱ्हवलास तर ह्यो पण पडतलो," असं तिने मला सकाळी समोर बसवून सांगितलं. "चार दिस खंय तरी जावा. झाडाक जरा सुखान बसांदे. येताना रिया चेडवाक घेवन येवा." तर सगुणराव, कुठे तरी म्हणजे मी कुठे जाणार? व्याह्याकडे मुक्काम करणं बरं दिसत नाही हे मला कळतं. पण रिया आधी तुमच्याकडे येणार हे आता ठरलंच, आणि मी आधीच तिथे असलो तर ती आधी कोणाकडे आली हा वाद राहत नाही. मी ओसरीवर झोपेन. मागच्या नव्हे, पुढच्या. तुमच्या झाडाकडे बघणार नाही. लांबून बघितलं तर चालेल का, ते कळवावं.

आणि शेवटचं. कळवायला वेळ राहील असं वाटत नाही. पत्र टाकायला स्टँडवर चाललो आहे, आणि तिथे तुमच्या बाजूची, कुडाळची गाडी लागलेली असली तर बहुतेक मी पत्राच्या आधी पोचेन. तसं झालं तर मला आल्या आल्या काही विचारू नये, पत्र आल्यावर सगळं कळेल. नर्मदाबाईंनी मला दारातच पाणी द्यावं आणि तेवढ्यात कुंडी आत नेऊन ठेवावी, मी राग मानणार नाही. फक्त उचलताना ती फिरवू नका. तिची उजेडाकडची बाजू उजेडाकडेच राहू द्या.